शोधून राहिलो आहे

रामबागेत, पिठाच्या गिरणीवरच्या माडीत
पूर्वी टायपिंगचा क्लास होता.
यंत्रं भंगारात गेली, टेबलं राहिली,
आणि टेबलांवर यंत्रांच्या पायांचे चार-चार खळगे.
त्या खळग्यांवर आता लॅपटॉप डुगडुगतात
महिन्याच्या दुसऱ्या रविवारी,
दहापासून गिरणी सुरू होईपर्यंत.

कोण येतं?
हुसैन रतलामवाला, सियागंजात त्याचं नट-बोल्टचं दुकान.
दिघेकाका, मिलच्या पगारखात्यातून निवृत्त
(आधी मिल निवृत्त झाली, मग ते).
रात्रपाळी संपवून त्याच कपड्यांत आलेली यामिनी, नर्स.
आणि मी. भूगोल शिकवते.

पैसे कुणालाच मिळत नाहीत.
जिच्यात आम्ही लिहितो ती भाषा आमची नाही,
कुणाचीच नाही,
चौकातल्या हापशीसारखी:
तहान लागली त्यानं हापसावं,
वायसर झिजलेला दिसला
त्यानं बदलावा, नाव न कोरता.
म्हणजे नाव राहतं कुठेतरी नोंदीत.
हुसैन म्हणतो, तेवढं पुरे.

दिवाळीनंतर एक काम अंगावर घेतलं.
ही भाषा चुकणाऱ्याला काय म्हणते
ते मराठीत आणायचं. तीनशे बारा वाक्यं.
‘कंस उघडला, मिटला नाही’
हे काकांनी चहा निवायच्या आत केलं.
‘शून्याने भाग जात नाही’ तर सगळ्यांनाच पाठ.
अडलो ते अगदी साध्या जागी:
फाईल धुंडाळताना
यंत्रानं काय म्हणावं?
टेबलावर डोकं ठेवून यामिनी म्हणाली,
लिही ना, शोधून राहिलो आहे, थांबा जरा.
लिहिलं. पाठवलं.

तपासणारा पुण्याकडचा, कधी न पाहिलेला. नम्र माणूस.
त्यानं कळवलं: ‘शोधून राहिलो’ अशुद्ध.
‘शोधत आहे’ करावे.

बरोबरच होतं त्याचं.
मी पुसायला घेतलं, तोच काका उठले,
पीठ आत येत होतं ती खिडकी लावली
आणि आमच्याकडे पाठ करूनच बोलले:
फाटा म्हणता ना तुम्ही याला?
मूळ आहे तसं उचलायचं, दूर न्यायचं,
तिथल्या पाण्यावर वाढवायचं?
त्याला लिही, आम्ही केव्हाचे फुटलो,
घोड्यांच्या तळाबरोबर, नर्मदा उतरून.
अडीचशेच्या वर वर्षं
आपल्या आपल्यात बदल करून राहिलो.
मूळ खोडात घ्या, असा अर्ज
कधी केला नाही.
हा पहिला.

एवढं सगळं मी लिहिलं नाही.
लिहिलं: आमच्याकडे असंच म्हणतात.
मग कारण द्यावं लागतं म्हणून खाली जोडलं:
‘शोधत आहे’ म्हटलं की काम चालू आहे असं वाटतं,
‘शोधून राहिलो आहे’ म्हटलं
की कुणीतरी आहे.

एकोणीस दिवस काही नाही.
हुसैननं मधे दुसरंच एक भोक बुजवलं,
तारखांमधलं, फेब्रुवारीचं.
यामिनीची पाळी बदलली.

विसाव्या दिवशी उत्तर:
माझी सासुरवाड नागपूरची.
बायको हे वाचून हसून राहिली आहे.
घेतलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
ओळ पुन्हा वाचली,
पगारपत्रकातली बेरीज जुळली की वाचत असतील तशी,
बोट खाली सरकवत.
कचोऱ्या आल्या. जिरावन टेबलावर सांडलं,
एका खळग्यात जाऊन बसलं.

तेवढ्यात यामिनी, आज झोप झालेली,
पडद्याकडे बघत म्हणाली,
‘राहिलो’ का पण?
यंत्र पुरुष आहे हे कुणी ठरवलं?

तूच, हुसैन म्हणाला.

मी तेव्हा झोपेत होते.

आणि खाली गिरणी सुरू झाली,
माडी थरथरायला लागली,
मी नवीन तक्रार उघडली,
क्रमांक पडला,
विषयाच्या जागी काय लिहावं
ते अजून